वाळलेली डाळिंबाची झाडं बांधावर रचू नका, किडा तिथूनच उडतोय

मा. संपादक साहेब, स. न. वि. वि.

कॅनडा-जर्मनीतली पाइनची, स्प्रूसची जंगलं सालीतल्या किड्यानं वाळल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो, आपल्याकडं कुठं पाइन आहे म्हणून. पण त्याच खानदानातला किडा आमच्या बीड, जालना, धाराशिवच्या डाळिंबात बसलाय. शॉट होल बोरर म्हणा नाहीतर नुसतं खोडकिडा. लोक औषधावर औषध मारतायत पण जे काम पहिलं करायला पाहिजे तेच होईना, म्हणून हे पत्र.

खोडाच्या बुडाला वाकून बघा. जमिनीलगत टाचणीनं टोचल्यासारखी बारीक छिद्रं असतात, तोंडाशी पांढुरका भुगा चिकटलेला असतो, आणि खोड फोडलं की काळपट पडलेल्या लाकडात बोगदे आणि त्यात जेमतेम दोन मिलिमीटरचा भुंगेरा. हा किडा लाकूड खातच नाही, सोबत बुरशी आणतो, बोगद्याच्या भिंतीवर ती वाढवतो आणि त्याच्या अळ्या ती बुरशी खाऊन पोसतात. त्यामुळं पोटात जाऊन मारणारं विष वरून कितीबी फवारा, आतल्या अळीपर्यंत ते पोचतच नाही. गेरूत कीटकनाशक आणि बुरशीनाशक मिसळून खोडाला लेप द्यायचा तो किडा शिरायच्या आधी, कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणं. आमच्याकडं फांदी पिवळी पडली की मग दुकानाकडं पळापळ सुरू होते, आणि दुकानातून तिसरीच बाटली हातात मिळते.

पाइनवाल्या देशांनी याची लई मोठी किंमत मोजलीय. एकट्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 1990 च्या दशकात सुरू झालेल्या साथीत सुमारे 1 कोटी 80 लाख हेक्टर जंगलाला झळ बसली, कारण थंडी कमी झाली, उणे 40 च्या आसपासची थंडीच अळ्या मारायची ती पडेना, आणि झाडं जुनी, दाट. जर्मनीत हार्झच्या डोंगरात 2018 च्या दुष्काळानंतर स्प्रूस असेच गेले. धडधाकट झाड राळ सोडून किड्याला बाहेर ढकलतं, तहानलेल्या झाडाला राळच सुटत नाही. आता आपलं बघा, बहार धरायला आपण डाळिंबाला मुद्दाम पाणी तोडून ताण देतो, हलक्या जमिनीत, आधीच तेल्या-मर हे रोग लागलेल्या बागेला सुद्धा. कमजोर झाडच हा किडा आधी धरतो, तेव्हा अशा बागेला यंदा ताण देऊच नका, एक बहार गेला तर गेला.

पण तिथलं सगळ्यात जुनं आणि कामाचं काम म्हणजे लागण झालेलं झाड लवकर हुडकायचं आणि नवे भुंगेरे उडायच्या आत ते तोडून जंगलाबाहेर न्यायचं नाहीतर साल सोलून टाकायची. आपण नेमकं उलटं करतो. बाग गेली की जेसीबीनं उपटतो, खोडं बांधावर रचतो, वर्षभराचं सरपण झालं म्हणतो. त्या ढिगातून भुंगेरे निघतात आणि शेजारच्या चांगल्या बागेत जातात, मग शेजारी म्हणतो माझ्याकडं कुठून आला. बांधावरच्या एरंडातबी हा किडा राहतो, तेपण बघत जा.

2017 ला गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला तेव्हा आपण शिकलो की फरदड (हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा घेतलेला कापूस) घ्यायची नाही, पऱ्हाट्यांचे म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचे ढीग बांधावर ठेवायचे नाहीत. तेव्हा गावोगाव सभा झाल्या, सापळे वाटले. मग डाळिंबाच्या खोडांबद्दल एक शब्द का नाही? एकट्यानं जाळून उपयोग नाही, शिवारातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात करायला पाहिजे.

कृषी विभागाला माझी मागणी एवढीच, की डाळिंबाच्या पट्ट्यात मंडळनिहाय एक लाकूड बारीक करणारं मशीन द्या. इंचापेक्षा बारीक तुकडे करून प्लास्टिकखाली कडक उन्हात तापवले की किडा मरतो आणि जाळून धूरबी करावा लागत नाही. झाडं उपटायची मजुरी रोजगार हमीतून बसवता येते का तेपण बघा, कारण ज्याची बाग गेली त्याच्या खिशात जेसीबीचं भाडं द्यायलाही पैसे नसतात. हे काम मृग बहाराच्या आधी, उन्हाळ्यातच व्हायला पाहिजे. जूनच्या पावसानंतर ढीग हलवायला कुणी फिरकत नाही.

आपला वाचक,
एक डाळिंब उत्पादक, जि. बीड