टर्मिनल सॉफ्टवेअर डाउनलोडची फाइल फोल्डरबाहेर लिहितं, त्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहकसेवा विभाग

विषय: सर्व्हरकडून आलेल्या फाइलच्या नावातला पाथ (फोल्डरचा पत्ता) न तपासणं, आणि त्याबद्दलची तक्रार परस्पर बंद करणं

महोदय,

आमच्या छोट्या फर्मकडे तुमच्या टर्मिनल सॉफ्टवेअरचे, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर कमांड देण्याच्या प्रोग्रॅमचे, तीन परवाने आहेत. चार वर्षं वेळेवर पैसे भरतो आहोत. या प्रकाराबद्दल तुम्हाला इंग्रजीत तीन मेल केले. तिन्हींना एकच साचेबंद उत्तर आलं आणि 'अपेक्षित वर्तन' असा शेरा मारून तक्रार बंद झाली. म्हणून आता मराठीत लिहितो आहे. निदान उत्तर चिकटवण्याआधी कोणाला तरी वाचावं लागेल.

आम्ही नाशिकमधल्या लहान व्यावसायिकांचे लिनक्स सर्व्हर सांभाळतो. एका शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडचा मुलगा एका द्राक्ष निर्यातदाराच्या सर्व्हरवर एसएसएचने (दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणीने) शिरला होता. तो होता लॉगच्या फोल्डरमध्ये आणि फाइल हवी होती शेजारच्या 'कॉन्फ' फोल्डरमधली, 'बॅकअप.कॉन्फ' (बॅकअप कुठे जावा ते तिच्यात लिहिलेलं असतं). त्याने झेडमोडेमची (टर्मिनलमधूनच फाइल पाठवण्याची जुनी पद्धत) 'एसझेड' कमांड दिली आणि सवयीप्रमाणे पाथसकट नाव पाठवणारा 'एफ' पर्याय लावला. त्यामुळे नाव गेलं ते असं: टिंब, टिंब, स्लॅश, कॉन्फ, स्लॅश, बॅकअप.कॉन्फ. दोन टिंबं म्हणजे 'एक फोल्डर वर चढ'. हिरवी पट्टी भरली, शंभर टक्के झालं. डाउनलोडचं फोल्डर बघतो तर रिकामं. त्याला वाटलं कनेक्शन अडकलं, म्हणून पुन्हा पाठवली. पुन्हा शंभर टक्के, पुन्हा रिकामं.

फाइल एक पायरी वर चढून आमच्याच लॅपटॉपवरच्या 'कॉन्फ' फोल्डरमध्ये जाऊन बसली होती. तिथे त्याच नावाची, एका पॅथॉलॉजी लॅबसाठी तयार केलेली फाइल होती, ती गेली. 'या नावाची फाइल आहे, बदलू का?' एवढंही तुमच्या सॉफ्टवेअरने विचारलं नाही. सोमवारी आम्ही ती फाइल लॅबच्या सर्व्हरवर चढवली, आणि दोन रात्री रुग्णांचे अहवाल द्राक्षवाल्यांच्या स्टोरेजवर जाऊन पडले. हे लॅबच्या डॉक्टरांसमोर बसून कसं सांगितलं ते माझं मला माहीत. फाइल उघडून न बघता चढवली ही चूक आमची, ती मी त्यांच्याकडेही कबूल केली. पण ती फाइल तिथे यायलाच नको होती.

हा झाला अपघात. कोणी मुद्दाम केलं तर काय होईल, ते मी एका व्हर्च्युअल मशीनवर (संगणकातल्या नकली संगणकावर) करून पाहिलं. विंडोजमध्ये डाउनलोड्स फोल्डर वापरकर्त्याच्या घरच्या फोल्डरमध्येच असतं, त्यामुळे एकदाच वर चढलं की 'ॲपडेटा' समोर, आणि त्याच्या पोटात स्टार्टअपचं फोल्डर, ज्यातलं सगळं मशीन सुरू झालं की आपोआप चालतं. तिथला पाथ नावात घालून एक बॅच फाइल (कमांड लिहिलेली फाइल) पाठवली. ॲडमिनचा पासवर्ड लागला नाही, इशारा आला नाही. मशीन रीस्टार्ट केलं आणि कॅल्क्युलेटर आपोआप उघडला. कॅल्क्युलेटरच्या जागी काय असू शकतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्यात भर म्हणजे तुम्ही झेडमोडेमचं 'आपोआप स्वीकारा' मुळातच चालू ठेवलं आहे. सर्व्हरकडून ठरावीक अक्षरांची सुरुवात आली की सॉफ्टवेअर स्वतःहून फाइल घ्यायला बसतं. म्हणजे सर्व्हरवरची एखादी मजकुराची फाइल नुसती पडद्यावर वाचायला घेतली आणि तिच्यात ती अक्षरं पेरलेली असली, तरी पुरे.

तुमचं उत्तर होतं, 'विश्वासार्ह सर्व्हरशीच जोडा.' अहो, सर्व्हर हॅक झाला आहे का ते बघायलाच ग्राहक आम्हाला बोलावतात! सर्व्हरवर शंका आहे म्हणूनच आम्ही तिथे शिरतो.

दुसरा सल्ला होता एसएफटीपीची (एसएसएचवरून फाइल नेण्या-आणण्याची पद्धत) खिडकी वापरण्याचा. तीही तपासली. सरळ स्लॅश असलेलं नाव ती अडवते, उलटा स्लॅश मात्र सोडते. लिनक्सवर उलटा स्लॅश हे फाइलच्या नावात चालणारं साधं अक्षर आहे, विंडोजवर तो फोल्डर वेगळं करतो. पूर्ण फोल्डर एकदम उतरवताना आतली नावं सर्व्हरच सांगतो, आणि त्यात असं एक नाव घुसवलं की फाइल पुन्हा बाहेर.

यात नवीन काही नाही. जानेवारी 2019 मध्ये हॅरी सिंटोनेन या संशोधकाने एससीपी क्लायंटमधले (सर्व्हरवरून फाइल कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅममधले) असेच दोष जाहीर केले. मागितली एक फाइल आणि सर्व्हरने दिली दुसरी, तरी क्लायंट मुकाट्याने घ्यायचा. त्याचं मूळ 1983 च्या आरसीपीपर्यंत, म्हणजे एससीपीच्या पूर्वजापर्यंत, जात होतं. एससीपी ज्यात येतं त्या ओपनएसएसएच सॉफ्टवेअरच्या लोकांनी ते 'अपेक्षित वर्तन' म्हणून झटकलं नाही. एससीपी प्रोटोकॉल जुनाट आहे हे त्यांनी उघड लिहिलं आणि एप्रिल 2022 च्या 9.0 आवृत्तीपासून 'एससीपी' कमांड मुळातच एसएफटीपीवर चालवली. हे सगळं फुकट वाटलं जातं, तुमच्याकडे आम्ही पैसे मोजतो.

दुरुस्ती फार मोठी नाही. सर्व्हरने दिलेल्या नावातले दोन्ही प्रकारचे स्लॅश आणि ड्राइव्हचा कोलन धरून फक्त शेवटचा तुकडा ठेवा. फोल्डर उतरवताना प्रत्येक तुकडा तसाच तपासा. लिहिण्याआधी पूर्ण पाथ काढून तो निवडलेल्या फोल्डरच्या आतच आहे ना, ते बघा. आधीची फाइल बदलण्यापूर्वी विचारा. आपोआप स्वीकारणं बंद ठेवून द्या, ज्याला हवं तो चालू करेल.

सुधारित आवृत्ती कधी येणार ती तारीख मला 15 दिवसांत लेखी कळवावी, आणि दोषाची जाहीर सूचना सीव्हीई क्रमांकासह (सुरक्षादोषांच्या जाहीर यादीतला क्रमांक) काढावी. तसं झालं नाही तर मी हे सगळं सर्ट-इनकडे (भारत सरकारची सायबर सुरक्षा संस्था) पाठवणार आहे आणि या वर्षाच्या परवान्यांचे पैसे परत मागणार आहे. तोवर तिन्ही लॅपटॉपवरून तुमचं सॉफ्टवेअर काढलं आहे.

साचेबंद उत्तर कृपया पुन्हा पाठवू नये, ते माझ्याकडे तीनदा आहे.

आपला,
एक परवानाधारक ग्राहक, नाशिक

सोबत: चाचणीचं पडद्यावरचं रेकॉर्डिंग, झेडमोडेमचा लॉग, उलट्या स्लॅशच्या नावाची नमुना फाइल (निरुपद्रवी आहे, पण तुमच्याच सॉफ्टवेअरने उतरवू नका)