वटवाघूळ मोहाचं वैरी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला मोहाचं झाड आणि वटवाघूळ यांची तुलना करणारा लेख वाचून रात्रभर चीड येत राहिली. मोह देणारा आणि वटवाघूळ ओरबाडणारं, असं लिहिणाऱ्याने मोहाखाली एक रात्र तरी काढायला हवी होती.

वाघूळ गोड पाकळ्या ओढून खातं, हे खरं. पण फळ धरणारा भाग झाडावरच राहतो, आणि या फुलाचा पराग त्या फुलाला लागतो. पुढे जूनमध्ये पिकलं फळ तोंडात धरून ते दुसऱ्या झाडावर नेतं, गर खातं आणि बी टाकतं. मोहाची बी फार दिवस टिकत नाही, पावसाच्या तोंडावर पडली तर रुजते. आमच्या शेताच्या धुऱ्यावर पाच मोह आहेत. आजोबांनी, वडिलांनी किंवा मी त्यातला एकही लावलेला नाही.

गावातल्या मोठ्या चिंचेवर शेकडो वाघळं लटकायची. आई सकाळी टोपली घेऊन तिच्याखाली जायची आणि मोहाच्या बिया वेचून आणायची. त्याचं तेल वर्षभर पुरायचं. मे २०१८ मध्ये केरळात निपाहने, म्हणजे वाघळांकडून माणसांत येणाऱ्या विषाणूने, माणसं गेली, तशी गावात वाघळांची भीती पसरली. चार रात्री चिंचेखाली सुतळी बॉम्ब फोडले. वाघळांच्या माद्यांच्या पोटाला बिलगलेली पिल्लं खाली पडली. मी विनवण्या केल्या, कुणी ऐकलं नाही. वाघळाची मादी वर्षाला एकच पिल्लू देते. त्या जूनमध्ये आई रिकामी टोपली घेऊन परत आली.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने फळं खाणाऱ्या वटवाघळांना कावळ्या-उंदरांबरोबर उपद्रवी ठरवलं होतं. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली. तुमच्या लेखात मात्र 'उपद्रवी' हा शब्द तीनदा आला आहे.

फोटोही चुकीचा आहे. चपट्या नाकाचं ते वाघूळ किडे खाणारं. आमच्या चिंचेवरच्याचं तोंड कोल्ह्यासारखं लांबट, डोळे मोठे. ते डोळ्यांनी आणि वासाने वाट काढतं. फोटोची दुरुस्ती तरी छापा.

गेल्या उन्हाळ्यात चिंचेवर अकरा वाघळं परत आली आहेत. रोज संध्याकाळी मी मोजतो. तुमचा लेख वाचून कुणी पुन्हा फटाके आणू नयेत, एवढ्यासाठी हे पत्र घाईने पाठवत आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक, जि. गडचिरोली