बुडालेल्या यंत्रांचाही पंचनामा करा

महोदय,

२३ जुलै २०२१ रोजी गोव्यात म्हादई नदीला आलेला पूर १९८२नंतरचा सर्वांत मोठा असल्याचे मुख्यमंत्र्यांनीच तेव्हा सांगितले होते. पाणी ओसरले की घरांचे, बागायतींचे पंचनामे होतात. ते व्हायलाच हवेत. पण पिठाची गिरण, वेल्डिंगचे दुकान, सुताराचे रंधा मशीन यांचे काय?

मी डिचोलीत विजेच्या मोटारी रिवाइंड करतो, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळतो. पुरानंतर दुकानात मोटारींची रांग लागते आणि त्यांतल्या कितीतरी पाण्याने नव्हे, घाईने जळालेल्या असतात. वीज आली की माणूस आधी बटण दाबून बघतो. कॉइलमध्ये चिखल आणि ओल असताना करंट गेला की वाइंडिंग खलास. तीच मोटार उघडून स्वच्छ पाण्याने धुतली, बेअरिंग बदलले, ओव्हनमध्ये ८०-९० अंशांवर निवांत सुकवली आणि मेगर (तारेवरचे विद्युतरोधक आवरण शाबूत आहे का ते मोजणारे यंत्र) किमान एक मेगाओहम दाखवू लागला, तर बहुतेकदा ती पुन्हा चालते. जळाली तर सगळी तांब्याची तार नवी, आणि तांब्याचा भाव ठाऊकच आहे.

आपत्ती निधीच्या निकषांत हातमाग व हस्तकला कारागिरांच्या अवजारांना मदत आहे. गिरणवाला, वेल्डर, सुतार यांनाही तीत घ्या. तलाठ्यासोबत एक इलेक्ट्रिशियन पाठवा, म्हणजे बटण दाबण्याआधी सांगणारा कुणी असेल. वाळवंटी नदीकाठी साखळी बाजारात फरशीवर बसवलेल्या मोटारी उंच चौथऱ्यावर घेण्यासाठी अनुदान मात्र पावसाळ्याआधीच मिळाले पाहिजे.

— एक मोटार वाइंडर, डिचोली