बाबांच्या दंडावरचा सेन्सर

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही रिपोर्ट वाचून दाखवलात. एचबीएवनसी ७.१, आणि तुम्ही खुशीत होतात. पण मागून आई म्हणाली, की पहाटे तुमचं बनियन घामानं भिजलेलं असतं, हात थरथरतात. ते ऐकल्यापासून मला चैन नाही; ही साखर उतरल्याची खूण असू शकते.

लॅबमध्ये ही तपासणी मी रोज करते, म्हणून सांगते. एचबीएवनसी ही रक्तातल्या साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी. जेवणानंतर २५० आणि पहाटे ५५ अशी साखर वरखाली होत असली तरी सरासरी चांगलीच दिसते. रात्रीचं इन्सुलिन घेणाऱ्या सत्तरीच्या माणसाची साखर चढण्यापेक्षा झोपेत उतरण्याची मला जास्त धास्ती वाटते. अंधारात बाथरूमला जाताना तोल गेला तर?

म्हणून मी सेन्सर घेऊन ठेवलाय. मोठ्या नाण्याएवढी चकती, दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायची. तिची केसासारखी बारीक तार कातडीखाली जाते आणि दोन आठवडे, दिवसरात्र, साखर मोजत राहते. त्या तारेवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. आमच्या लॅबमध्ये साखर तपासायच्या रसायनातही तेच. लिलँड क्लार्क या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये ते इलेक्ट्रोडवर बसवायची कल्पना मांडली, तिथून हे सगळं सुरू झालं. आंघोळ करा, फिरायला जा, काही होत नाही. फक्त एमआरआय करायची वेळ आली तर आधी तिथे सांगा.

सेन्सर रक्तातली नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे आकडा पाच-दहा मिनिटं मागे असतो. सेन्सर असलेल्या कुशीवर झोपलात तर दाब पडून आकडा खोटाच खाली दिसू शकतो. व्हिटॅमिन सी च्या गोळ्या चालू असतील तर मला कळवा, त्यानं काही सेन्सरचा आकडा चुकतो. शंका आली की बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर बघायचं. खरंच ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.

आई, सेन्सरचा आलेख बघून त्यांच्या ताटातली भाकरी मोजत बसू नकोस. या वयात निम्म्याहून जास्त वेळ साखर ७० ते १८० मध्ये राहिली तरी पुष्कळ झालं. ७० च्या खाली मात्र दिवसात पंधरा मिनिटांच्या वर नको. रात्री साखर उतरल्याचा अलार्म वाजला तर त्यांना उठव, आणि मग मला फोन कर. कितीही वाजलेले असोत.

आणि शेजारच्या काकांनी सांगितलेलं ते न टोचता साखर दाखवणारं घड्याळ घेऊ नका. अशी घड्याळं आणि अंगठ्या वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, फेब्रुवारी २०२४ मध्येच दिलाय. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरला तर जिवावर बेतेल.

रविवारी येते, तेव्हा लावू. त्याआधी डॉक्टरांना घामाचं सांगा, रात्रीच्या डोसबद्दल विचारा. बाबा, "काही त्रास नाही" असं म्हणून उठून येऊ नका. आई, तू सोबत जा.

तुमची,
ताई