उष्टावण झालं की दूध तोडायची घाई

माननीय संपादक,

१ ते ७ ऑगस्टचा स्तनपान सप्ताह दरवर्षीप्रमाणे पार पडला. पहिल्या तासात चीक पाजा, सहा महिने पाणीसुद्धा नको, हे आता खेड्यातल्या सासूबाईंनाही पाठ झालं आहे. आशाताईंनी दारोदार फिरून घेतलेल्या कष्टांचं ते फळ. घोडं अडतं ते त्यानंतर. बाळाचं उष्टावण झालं की ‘अजून अंगावर पाजतेस?’ सुरू होतं. वर्ष भरलं की कडुलिंबाचा पाला वाटून छातीला लावायचा सल्ला! लसीकरणाला आलेल्या बायकांच्या ब्लाउजवर त्याचे हिरवट डाग मी नोकरीत कितीदा पाहिले.

‘वर्षानंतर दुधात राम राहत नाही’ ही समजूत शिकलेल्या घरांतही आहे. प्रत्यक्षात दुसऱ्या वर्षीही बाळाला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे एक तृतीयांश आईच्या दुधातून मिळू शकते. तापात, जुलाबात मूल भाताचा घास थुंकतं, पण अंगावरचं दूध ओढतं. दोन वर्षं आणि हवं तर त्यापुढेही पाजा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वरचं खाणं हवंच, पण दूध न तोडता.

बाईच्या एकटीच्या मनावर हे थोडंच असतं? प्रसूती रजा २६ आठवड्यांची. त्यातली काही बाळंतपणाआधीच घेतली, तर बाळ सहा महिन्यांचं व्हायच्या आत ती संपते. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात दोनदा पाजायला सवड देण्याची कायद्यात तरतूद आहे, पण ती सांगतं कोण? ऊसतोडीला जाणारीला तर रजाच माहीत नाही.

परवा एका एसटी स्थानकात बाळाला पाजण्यासाठी असलेल्या हिरकणी कक्षाला कुलूप होतं. किल्ली साहेबांकडे, साहेब जेवायला. आत झाडू आणि मोडका बाक. बाहेर एक जण भिंतीकडे तोंड करून, पदर ओढून पाजत बसली होती. ही किल्ली चौकशीच्या खिडकीत टांगायला कोणता शासन निर्णय लागतो?

आरोग्य खात्यालाही एक सुचवते. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाच्या लशीला बहुतेक आया येतातच. तेव्हा वजन करताना ‘अंगावर पाजतेस ना? दिवसातून किती वेळा?’ असं विचारून कार्डावर नोंद करावी. दीड वर्षाच्या डोसला पुन्हा विचारावं, आणि सासूबाई सोबत असतील तर त्यांच्यादेखत.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा