दादाच्या प्रश्नाचं उत्तर

लेस्टर, इंग्लंड,
14 जानेवारी 2024

ती. बाबा आणि ती. आईस,
बेबीचा शिरसाष्टांग नमस्कार.

उद्या संक्रांत. गेल्या रविवारी फोनवर दादाने विचारलं, "दोघं कमावता, तेही पाऊंडात, मग या महिन्याला दहाच हजार कसे पाठवले?" मी हसून विषय बदलला. इकडे मनूची भुणभुण चालू होती, तिकडे आई मधेच "जेवलीस का" विचारत होती, अशात काय सांगणार. म्हणून कागदावर लिहितेय. बाबा, जेवणं झाली की सगळ्यांना वाचून दाखवा. दादा उठून जायला लागला तर बसवून ठेवा.

आमच्या ओट्यावर हाताएवढा एक डबा आहे. आज किती पैशांची वीज आणि गॅस जळला ते त्यावर दिसतं. कमी असेल तर हिरवा दिवा, मग पिवळा, मग लाल. शेगडी विजेची, त्यामुळे कुकर लावला की डबा लगेच लाल होतो आणि मनू ओरडते, "मम्मी, लाल!" डाळ आता रात्रीच भिजत घालते, म्हणजे दोन शिट्ट्यांत होते. हीटिंग सकाळी तासभर आणि संध्याकाळी मनू शाळेतून आली की दीड तास. बाकी वेळ स्वेटरवर स्वेटर. कपडे घरातच वाळत घालावे लागतात, त्यामुळे झोपायच्या खोलीचा कोपरा बुरशीने काळा पडलाय. घरमालकाला फोटो पाठवला तर "खिडक्या उघड्या ठेवा" असा निरोप आला. ऐन थंडीत! पुढच्याच महिन्यात त्याने भाडं साठ पाऊंडांनी वाढवलं.

आणि काही न जाळताही पैसे जातातच. आपल्या विहिरीवरच्या मोटारीला कसा स्थिर आकार येतो, तसंच. विजेचे रोज 53 पेन्स आणि गॅसचे 30 च्या आसपास. म्हणजे दिवस उजाडला की पंच्याऐंशी-नव्वद रुपये गेलेच.

हे सगळं युक्रेनच्या लढाईनंतर गॅस भडकला तेव्हा सुरू झालं. ऑक्टोबर 2022 मध्ये इथली महागाई 11.1 टक्क्यांवर गेली, 41 वर्षांत एवढी नव्हती. पुढच्या मार्चमध्ये तर खाण्यापिण्याच्या वस्तू वर्षापूर्वीपेक्षा 19 टक्क्यांनी महाग होत्या. सरकार काहीच करत नव्हतं असं मात्र मी म्हणणार नाही. युनिटचे दर बांधून दिले, साधारण घराला वर्षाला 2,500 पाऊंड बिल येईल असे. (ह्यांच्या गोदामातल्या अर्ध्या लोकांना वाटलं, कितीही जाळलं तरी बिल 2,500 च्या वर जाणारच नाही. मर्यादा दरावर होती, बिलावर नाही. पहिलं बिल आलं तेव्हा कळलं.) शिवाय प्रत्येक घराच्या वीजबिलात 400 पाऊंडांची सूट, सहा हप्त्यांत. ती आम्हालाही मिळाली, खोटं कशाला बोलू.

पण त्यानंतर खरी मदत आली ती गरिबांसाठी, तीन हप्त्यांत मिळून 900 पाऊंड, त्यातला शेवटचा हप्ता येत्या फेब्रुवारीत. ती ज्यांना आधीपासून सरकारी भत्ते आहेत त्यांनाच. आमच्या व्हिसावर स्पष्ट छापलंय की सरकारी निधीवर तुमचा हक्क नाही. मुलांचा भत्ता नाही, काही नाही. पगारातून कर कापताना मात्र व्हिसा कुणी बघत नाही. मनूला दुसरीपर्यंत शाळेत फुकट जेवण होतं, ते सगळ्याच मुलांना असतं. सप्टेंबरात तिसरीत गेली आणि ते बंद झालं. लंडनच्या महापौरांनी त्यांच्याकडे सगळ्या प्राथमिक शाळांत चालू केलंय, पण आम्ही पडलो लेस्टरला. आता पहाटेच्या ड्युटीआधी डबा करते. पोळी-भाजी बघून वर्गातली मुलं नाक मुरडतात म्हणे. मुरडू देत.

पगार वाढला नाही असं नाही. डिसेंबर 2022 मध्ये नर्सांनी संप केला, तेव्हा कुठे आम्हा नर्सांना पुढच्या वर्षासाठी 5 टक्के मिळाले. ह्यांचे तासाचे 10.42 पाऊंड एप्रिलपासून 11.44 होणार आहेत, पण एजन्सीने तास दिले तर. ख्रिसमसनंतर आठवड्याला दोनच पाळ्या मिळताहेत. दादा, दहाच हजारांचं कारण हेच. पंतप्रधान सुनक सांगतात की महागाई निम्म्याहून खाली आणली. आकडा खरा आहे, 3.9 वर आलाय. पण म्हणून दूध स्वस्त झालं नाही, महाग व्हायचा वेग तेवढा कमी झाला.

आता कांद्याचं. काल मेल्टन रोडला तिळगुळाचं सामान आणायला गेले होते. जुलैत भारताने बासमती सोडून पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, तेव्हा याच दुकानात "एका गिऱ्हाईकाला एकच पोतं" अशी पाटी लागली होती आणि कोलमसाठी बायका भांडत होत्या. आता कांद्याच्या जाळीवर बघितलं तर नेदरलँड्सचा. निफाडची पोरगी हॉलंडचा कांदा घेऊन घरी आली, बाबा. तोही पाणचट, फोडणीत सुटतो नुसता.

मी तिथे गिऱ्हाईक म्हणून उभी होते, मलाही स्वस्तच हवा होता. त्यामुळे दिल्ली-मुंबईतल्या बाईला कांदा स्वस्त मिळू नये असं माझ्या तोंडून निघणार नाही. पण तो स्वस्त कुणाच्या पैशाने करायचा? इथे गॅस महागला तेव्हा तेल आणि गॅस काढणाऱ्या कंपन्यांच्या जादा नफ्यावर आधी 25 आणि मग 35 टक्के जादा कर लावला, आणि लोकांच्या बिलात तिजोरीतून पैसे घातले. आपल्याकडे ऑगस्टमध्ये कांद्याला जरा भाव दिसला की 40 टक्के निर्यातशुल्क, आणि 8 डिसेंबरपासून सरळ बंदी. तीही नेमकी लाल कांदा निघायच्या वेळेला. उन्हाळ कांदा असता तर दादाने कांदाचाळीत टाकून वाट पाहिली असती. लाल टिकत नाही, तो ठेवायचा कुठे? लासलगावला भाव निम्म्यावर आला आणि ट्रॅक्टर उभाच, हे त्याने सांगितलं तेव्हा मला इथे झोप लागली नाही. गिऱ्हाईकाला दिलासा द्यायचा तर सरकारने आपल्या खिशातून द्यावा, दादाच्या ट्रॉलीतून काढून नाही.

तर दादा, हिशेब असा. सोसायटीचं पीककर्ज मार्चअखेर भरलं नाही तर व्याजाची सवलत जाईल, हे मला माहीत आहे. फेब्रुवारीत पंधरा आणि मार्चच्या पगाराआधी पंचवीस हजार पाठवते. मी रात्रपाळ्या जास्त मागितल्यात. सावकाराकडे जाऊ नकोस आणि वहिनीचे डोरले मोडू नकोस. आईला रात्रपाळीचं सांगायची गरज नाही. बाबा, ही ओळ तेवढी मनात वाचा.

मनूने आजीसाठी हलव्याच्या दागिन्यांचं चित्र काढलंय, सोबत ठेवते. तिळगूळ घ्या.

तुमची,
बेबी