सूची : आहे की नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत नव्या पुस्तकांची दखल घेतली जाते, ते पान मी चहाआधी वाचते. गेले काही महिने त्यात इतिहास, आत्मकथन आणि विज्ञान या विषयांची पुस्तके सारखी दिसतात. कादंबरी मागे पडली की काय अशी शंका यावी, इतकी! मला आनंदच आहे. एकतीस वर्षे तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होते. ‘काहीतरी खरं द्या’ म्हणणारा वाचक तेव्हाही असायचा आणि त्याच्या हातात द्यायला पुस्तक नसायचे. आता पुस्तक आहे. पण त्यातले हवे ते पान सापडत नाही.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. निवृत्त झाले तरी दुपारी वाचनालयात जाऊन बसते. कृष्णेकाठच्या एका गावातले सत्तरी ओलांडलेले आजोबा आले. त्यांचे वडील बेचाळीसच्या चळवळीत, म्हणजे इंग्रजांना न जुमानता चाललेल्या आमच्या साताऱ्याच्या प्रतिसरकारात, निरोप पोचवायचे काम करत. त्या काळावरचे नवे पुस्तक नुकतेच आले होते. ५४० पाने, पक्की बांधणी. ‘बाई, ह्यात आमच्या तात्यांचं नाव हाय का बघा,’ एवढेच त्यांचे म्हणणे. कोणते नाव कोणत्या पानावर, हे सांगणारी सूची पुस्तकाच्या शेवटी असते, म्हणून मी सवयीने पुस्तक उलटे करून शेवटून उघडले. तिथे त्याच प्रकाशनाच्या इतर पुस्तकांच्या जाहिराती होत्या.

आजोबा तीन दुपार येऊन बसले. भिंग, चष्मा आणि पानावरून सरकणारे बोट. शेणोलीजवळ १९४३ साली प्रतिसरकारच्या लोकांनी पगाराची रेल्वेगाडी लुटली, ते प्रकरण त्यांनी दोनदा वाचले, कारण नाव असेल तर तिथेच, असा त्यांचा हिशेब. पान ३१८ वर गावाचे नाव सापडले, वडिलांचे नाही. ‘असू द्या, गाव तरी हाय,’ म्हणाले आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठले.

मला ते काही बरे वाटले नाही. वाचनालय संगणकावर गेल्यापासून जुनी कॅटलॉग-कार्डे खोक्यात पडून आहेत, मागची बाजू कोरी. ती काढली आणि पुस्तकाची सूची करायला बसले. एका कार्डावर एक नाव, पुढे पानांचे आकडे. सव्वा महिना लागला. नवव्या दिवशी पान ९७ वर आजोबांचे तात्या भेटले. नाव, गाव, सगळे, फक्त आडनावातला काना गळलेला. आजोबांनी ते पान घाईत उलटले असणार. मी फोन केला, मुलगा येऊन झेरॉक्स घेऊन गेला.

सूची का नाही, असे विचारणारे पत्र प्रकाशकांना लिहिले होते. उत्तर सौजन्याचे होते : सूची दिली तर एक फर्मा (एकदम छापला जाणारा पानांचा संच) वाढतो, कागद महाग, शिवाय ‘सामान्य वाचक सूची बघत नाही’. माझी सूची छापली तर बारा पाने होईल, म्हणजे सोळा पानी फर्म्यात बसून चार पाने जाहिरातींना उरतील! याच पुस्तकात दोन प्रस्तावना, मनोगत आणि ऋणनिर्देश मिळून सव्वीस पाने आहेत. आजोबांपेक्षा सामान्य वाचक कोणता, हे मात्र मला कळले नाही.

कोणी म्हणतील, आता हे काम संगणक चुटकीसरशी करतो. शब्द शोधून देतो, कबूल. पण ‘नाना’ शोधायला सांगा बरे. नानासाहेब पेशवे म्हणजे बाळाजी बाजीराव, नाना फडणवीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू, सत्तावन्नचे नानासाहेब म्हणजे धोंडोपंत, मुंबईचे नाना शंकरशेट आणि आमचे क्रांतिसिंह नाना पाटील. पानावर बहुतेकदा नुसते ‘नाना’ असते. कोणते, ते मजकूर वाचूनच ठरते. साताऱ्याजवळच्या क्षेत्र माहुली या गावाचीही तीच गत. संगणक क्ष ला क मध्ये ढकलतो, शाळेत शिकलेला वाचक तो ह-ळ नंतर शोधतो, आणि गावाकडचा माणूस सरळ ‘माहुली’ म्हणून. मी तीन कार्डे केली. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची केली, तेव्हा कुठला आला होता संगणक?

विज्ञानाच्या पुस्तकांत अडचण निराळी. एक लेखक ‘विषाणू’ लिहितो, दुसरा ‘व्हायरस’. एकाचे ‘प्रथिन’, दुसऱ्याचे ‘प्रोटीन’. ‘पुंज’ म्हणजेच ‘क्वांटम’, हे अकरावीतल्या मुलाला कोण सांगणार? कोणता शब्द वापरावा यावर मी भांडत नाही, ते भांडण विद्वानांना लखलाभ. पण सूचीत ‘व्हायरस : पाहा विषाणू’ एवढी एक ओळ असली की मुलगा अडत नाही. भाषांतरित पुस्तकांत तर कमाल आहे. इंग्रजी मूळ पुस्तकात असलेली सूची मराठीत येताना गळून पडल्याची कितीतरी उदाहरणे माझ्या हाताखालून गेली आहेत. किंमत मात्र गळत नाही.

आत्मकथनाला कशाला हवी सूची, ते गोष्टीसारखे वाचायचे, असेही ऐकते. वरसईचे गोडसे भटजी दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले, सत्तावन्नच्या धामधुमीत सापडले आणि झाशीत डोळ्यांनी पाहिले ते पुढे लिहून ठेवले. ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापले गेले. आज झाशीवर लिहिणारा त्या भिक्षुकाच्या आठवणींना वळसा घालून जाऊ शकत नाही. आज छापली जाणारी शिक्षकाची, परिचारिकेची, गिरणी कामगाराची आत्मकथने शंभर वर्षांनी कोणाच्या तरी अशीच कामाला येतील. तेव्हाच्या माणसाने ‘अण्णा’ किती आणि कोणते, हे कशावरून ठरवायचे?

आपल्याकडे मागणे लहान आहे. परीक्षणाखाली प्रकाशन, पृष्ठे आणि मूल्य देता, त्याच ओळीत ‘सूची : आहे / नाही’ एवढे छापत चला. पाच-सहा रविवार लागोपाठ ‘नाही’ छापून आले की कागद आपोआप स्वस्त होईल, असा माझा अंदाज आहे.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल, जि. सातारा

ता. क. : वर सांगितलेल्या पुस्तकाची माझी सूची फुलस्केप कागदावर उतरवून वाचनालयाच्या प्रतीत मागच्या पुठ्ठ्याला चिकटवली आहे. त्यात ‘पाटील’ या नोंदीखाली अजून घोळ आहे. दोन पाटील एकच की वेगळे, ते ठरत नाही.